दशक्रियेचं भाषण

नव्वदच्या दशकात मी नाशिकला गोदाघाटावर दशक्रियेसाठी माइक भाड्याने लावायचो. तिथे एक उमेदवार हमखास यायचे. नाव सांगत नाही, उगाच प्रचार नको. चपला लांब काढून ठेवायचे. ड्रायव्हर कानात मयताचं नाव सांगायचा, मग माइकवर दोन टिचक्या मारून भाषण सुरू.

"त्यांच्या जाण्यानं घराचीच नाही, अख्ख्या तालुक्याची हानी झाली."

कावळा पिंडाला शिवेपर्यंत तालुक्याची हानी चालायची. ते आमदार झाले आणि येणं कमी झालं. पुढच्या वेळी पडले, तेव्हा पुन्हा वाढलं. मला त्यांचा राग नव्हता. माझाही धंदा त्याच घाटावर होता.

नंतरची निवडणूक तोंडावर असताना ते एका सकाळी रिक्षाने आले. दशक्रिया त्यांच्या ड्रायव्हरची होती. घाट माणसांनी भरला होता. विरोधातले उमेदवार मयताचं नाव चुकवून, भरपूर बोलून गेले होते. मी सवयीने माइक यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"आज राहू दे रे," ते म्हणाले. "ह्याला मी ओळखत होतो."