‘रेलणे’चं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत सगळे ज्यांना मावशी म्हणत, त्या टायपिस्टबाईंनी सव्वीस वर्षं शब्दांची कार्डं टाइप केली, तीही बिनपाठीच्या स्टुलावर बसून. पाठीची खुर्ची दिली की टायपिस्ट पेंगतो, असा मुख्य संपादकांचा, म्हणजे साहेबांचा, सिद्धान्त होता. ते स्वतः गुबगुबीत खुर्चीत बसत आणि जेवणानंतर खुशाल घोरत. त्याला मात्र चिंतन म्हणायचं.

चूक कुणाची ते कळावं म्हणून टाइप करणाऱ्याने कार्डाखाली सही करायची, असा नियम होता. सहीशिवाय कार्ड छापखान्यात जात नसे. मावशी डोळे मिटून सही ठोकत. मग एका सोमवारी ‘रेलणे’ आलं. या क्रियापदाचं मूळ शोधायला साहेबांनी तीन महिने डोकेफोड केली होती आणि शेवटी ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ लिहून सुटका करून घेतली होती. अर्थ मात्र एका दमात उरकला होता: ‘आळसाने मागे टेकून बसणे.’

मावशींची आई लाँड्रीत इस्त्री करायची, दिवसभर उभ्याने. संध्याकाळी घरी आली की भिंतीला पाठ लावून म्हणायची, "जरा रेलते गं." पाच मिनिटांत उठून स्वयंपाकाला लागायची. त्या पाच मिनिटांना आळस म्हणायचं? मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कार्ड टाइप केलं, पण सही केली नाही.

साहेबांनी बोलावून घेतलं. "सही राहिली तुमची."

"राहिली नाही, करणार नाही. ‘आळसाने’ काढा."

"आता तुम्ही मला अर्थ शिकवणार?"

"मुळाचं तुम्ही बघा, साहेब. अर्थ माझ्या पाठीला ठाऊक आहे."

"उद्यापासून येऊ नका म्हणालो तर?"

मावशींच्या निवृत्तीला चार वर्षं होती आणि घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं. तरी त्यांनी पाहुण्यांची खुर्ची ओढली आणि त्या कचेरीत पहिल्यांदाच मागे रेलल्या. वाकलेली पाठ खुर्चीला पुरती लागायलाच वेळ लागला.

"मग आज तरी बसते. नीट बघा आणि दिसेल ते लिहा."

साहेब बघत राहिले. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, एक शब्द खोडला आणि कार्ड पुढे सरकवलं.

मावशींनी सही केली. रेलूनच.