साडूंची प्रत मुखेडला असते

आमच्या साडूंइतका संशयी माणूस उभ्या लातूर जिल्ह्यात शोधून दाखवा, मी अहमदपूरच्या स्टँडवर तुमचा जाहीर सत्कार करीन. राहतात उदगीरला. चष्मे दोन, छत्र्या दोन, आणि घराची तिसरी किल्ली मुखेडला बहिणीकडे. एकदा पहिल्या दोन्ही किल्ल्या घरात राहिल्या आणि दार ओढलं गेलं. शेजारी कुलूप तोडायला दगड घेऊन आला, पण साडू एसटीनं मुखेडला जाऊन किल्ली घेऊन आले. ‘मग तिथं ठेवली कशाला?’ म्हणाले. लग्नकार्यात पाहुणे पंगतीकडे धावतात, हे सगळ्यांचे फोन गोळा करत हिंडतात. फोटो, व्हिडिओ एका हार्डडिस्कवर उतरवायचे, ती बिस्किटाच्या डब्यात घालायची आणि बहिणीच्या कोठीत बियाच्या ज्वारीशेजारी ठेवून यायची. आम्ही त्यांना लई चिडवलं. मी तर तोंडावर म्हणालो, ‘अहो, आमचं सगळं क्लाउडवर असतं.’ त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘पाव्हणं, तुमचं क्लाउड म्हंजे खायची ज्वारी हाय. घरातलं कुणीबी हात घालतंय. बी वायलं, बाजूला ठेवावं लागतंय.’

मी हसलो, आणि पुढे माझ्याच हातून घोटाळा झाला. बायकोचा फोन भरला म्हणून मी जुने व्हिडिओ पुसून टाकले. वर क्लाउडवर आहेतच की! पण फोनमधलं पुसलं की वरचंही पुसलं जातं, हे या शहाण्याला कुठं ठाऊक? त्यात माझ्या सासऱ्यांचा, अप्पांचा, एकुलता एक व्हिडिओ होता. अप्पा गेल्यापासून तो बघायचा धीर बायकोला झाला नव्हता. पहिल्या पुण्यतिथीच्या सकाळी तिनं फोन उघडला, तोवर परत मिळायची मुदतही संपलेली. तिनं फोन माझ्या हातात ठेवला आणि अप्पांच्या फोटोला हार घालायला उठली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घाबरत साडूंना फोन लावला. म्हटलं, आता आपली चांगली हजेरी घेणार. छे, माणूस हरखून गेला! ‘भाचीच्या लग्नात तुमच्या मंडळींचाबी फोन उतरवून घेतलाय की मी. मुखेडला या, लगेच निघा.’ आम्ही नांदेडहून, ते लॅपटॉप काखेत मारून उदगीरहून, आणि दुपारी सगळे त्या कोठीपुढं! बहिणीनं पोतं सरकवलं, डबा निघाला, साडूंनी व्हिडिओ शोधला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. शूटिंगसाठी समोर धरलेला फोन म्हणजे लेकीचा व्हिडिओ कॉलच असं समजून ओट्यावर बसलेले अप्पा विचारतात, ‘जेवलीस का गं पोरी? कधी येऊन राहिलीस?’

मी मान खाली घालून उभा. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि पडद्यावरच्या अप्पांना म्हणाली, ‘हाव, जेवले अप्पा.’ खरं तर सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. साडूंनी ते ओळखलं. ‘ताई, भाकरी टाक,’ एवढंच ते बहिणीला म्हणाले.