चौकाबाहेर बसलेली आई

पोशेऱ्याच्या आमच्या पाड्यावर लग्न ठरलं की पहिलं बोलावणं आईला यायचं. भिंत शेणानं सारवून, वर गेरू लावला की तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून ती लग्नाचा चौक लिहायची. मधे देवी, भोवती झाडं, नाचणारी माणसं. पण चौक लिहायचा तो नवरा असलेल्या सवाशिणींनीच. दोन वर्षांमागं बाबा गेला आणि आईनं काडी ठेवली ती ठेवलीच. कोणी तिला नको म्हटलं नव्हतं. तीच मागं सरली, आणि मला राग येतो तो त्याचाच.

मी कागदावर तीच चित्रं काढून विकते. तिला म्हटलं, "कागदावर तरी काढ." तर म्हणे, "कागदावर देवी येते का गं?" घ्या!

गेल्या हिवाळ्यात आम्हा चित्रं काढणाऱ्या बायकांना लांब परराज्यात नेलं होतं, चुनखडीच्या डोंगरातली जुनी चित्रं दाखवायला. हट्टानं मी आईलाही नेलं. कपारीत तांबड्या रंगाचे बैल, हरणं, हातात हात धरलेली माणसं. आईनं एकेक जवळ जाऊन बघितलं. मग दाखवणाऱ्या माणसाला म्हणाली, "कोणी लिहिलं हे?"

"हजारो वर्षं झाली, मावशी. कोणाला ठाऊक नाही."

"बरंय बाई त्यांचं," आई माझ्याकडं वळून म्हणाली. "नवरा होता का मेला, कोणी विचारत नाही."

मला तिथंच रडू फुटलं. पण मनात आलं, आता ही लिहिणार.

उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मी म्हटलं, "आये, घरचंच लग्न आहे. लिही की! कोण येतंय विचारायला?"

"येडी का तू? पोरीच्या संसाराला नाट लागला तर?"



चौकाच्या दिवशी पीठ तिनंच वाटून दिलं आणि ओट्यावर जाऊन बसली. आत पाड्यावरच्या बायका लिहीत होत्या. देवीचे हात आईसारखे काही केल्या कुणालाच जमेनात. एकीनं दारातून विचारलं, "वयनी, हात कसं काढायचं?" आई मान फिरवून म्हणाली, "तुम्हाला जमंल तसं लिहा."

तेवढ्यात हळद लावलेली बहीण आतून ओरडली, "आये, तूच लिही! मला नाट लागला तर लागू दे!"

सगळ्या बायका थांबल्या. आई उठली. मला वाटलं, आली!

ती घरामागं गेली आणि सरपण फोडायला लागली. चौक पुरा होईपर्यंत तिची कुऱ्हाड थांबली नाही.