इक्बालभाईंचे कान

इक्बालभाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी मोहोपाड्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होतो. आमच्या बँडच्या ग्रुपवर एका ओळीचा निरोप होता. हृदयविकार, झोपेतच. मी हातमोजे काढून बाकड्यावर बसलो आणि... लिहायला हात कचरतो, पण आधी मला दुःख झालं नाही. सुटल्यासारखं वाटलं. आता भाईंना ते कधीच कळणार नाही, असं मनात आलं. रडू नंतर आलं.

भाईंचं चौकच्या बाजारात स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. फाटलेले पडदे बदलायचे, जळालेल्या कॉइल पुन्हा भरायच्या, हेच काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. आजूबाजूचे सगळे मंडपवाले त्यांच्याकडे यायचे. आम्ही पाच जण हळदी-साखरपुड्यांना वाजवणारे. मी कीबोर्डवर. भाई वाजवत काहीच नसत, पण कुठला स्पीकर घ्यायचा, कुठे ठेवायचा, आवाज किती चढवायचा, यात त्यांचा शब्द शेवटचा. मला घरी गाणी रेकॉर्ड करायचा नाद लागला तेव्हा मी छातीत धडधड करणारा एक मोठा डबा पसंत करून त्यांच्याकडे गेलो होतो. म्हटलं, घरीही चालेल आणि प्रॅक्टिसलाही. भाई हसले. म्हणाले, "हा तुजी तारीफ करणारा हाय रं. घरात चुका दाखवणारा पायजे. तारीफ करायला हळदीत मानसं असतात." मग त्यांनीच पाच इंची स्पीकरची एक साधी जोडी शोधून दिली. भिंतीपासून हातभर पुढे ठेव, कानाच्या उंचीला ठेव, हळू आवाजात ऐक. आणि हे प्रॅक्टिसला न्यायचे नाहीत, ड्रमच्या तोडीला ओरडायला लावलेस तर चार दिवसांत फाटतील. तिथे गाणाऱ्यापुरता एखादा जुना दणकट डबा पुरे, असं बजावून सांगितलं.

स्पीकर पारखायला ते गाणं लावत नसत. त्यांच्या बायकोचा, झुबेदाभाभींचा, अंगणात सुपात तांदूळ पाखडतानाचा आवाज त्यांनी कधीतरी टेप केला होता, पुढे तो मोबाइलवर घेतला. तांदूळ खाली पडतानाची सर वेगळी आणि कोंडा उडतानाची फूस वेगळी. दोन्ही वेगळं ऐकू आलं तर स्पीकर खरा. दुकानात नवं गिऱ्हाईक कोणी असलं की ते बावचळून बघत राही.

चार वर्षांपूर्वी एकदा मी दुकानात गेलो तर भाईंनी नुकताच एक डबा दुरुस्त करून तो आवाज लावला होता. मला दिसलं, वरच्या छोट्या स्पीकरची, बारीक आवाज देणाऱ्या ट्विटरची, वायर बाहेर सुटी लोंबत होती. आवाज गोधडीखालून आल्यासारखा येत होता. कोंडा नव्हताच. भाई डोळे मिटून मान डोलावत होते. "ऐक, कोंडा कसा साफ आला!" मी म्हटलं, हो भाई. ते चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात मी वायर जोडून टाकली.

म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं, असं मी स्वतःला समजावलं. खरं तेवढंच नव्हतं. भाईंना न ऐकू आलेलं काहीतरी मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, आणि त्याची मला गोडी वाटली होती. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी बँडला प्रॅक्टिससाठी स्वस्तातले स्पीकर घ्यायचे ठरलं. मी आणि भाई पनवेलला गेलो. दुकानदाराने तीन जोड्या लावून दाखवल्या. भाईंनी नेमकी अशी जोडी निवडली की ऐकताना माझे दात शिवशिवले. कसे वाटतात, त्यांनी विचारलं. मस्त, मी म्हणालो. लोधिवलीच्या एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये आमची रविवारची प्रॅक्टिस चाले. तिथे आमची गाणारी सारिका प्रत्येक 'स'ला कानांवर हात ठेवायला लागली. मी स्पीकरच्या मागचं बटण फिरवून ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, कमी करायचो. भाई आले की ते वाढवायचे. ते गेले की मी पुन्हा कमी. पोरांचा हा खेळच झाला. ड्रमवाला नितीन भाईंसारखी मान डोलावून दाखवायचा आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. सगळ्यांत आधी मीच, बहुतेक.

एका रविवारी भाई लवकर आले. ते बटण कुठे वळवलेलं होतं, ते त्यांनी पाहिलं असणार. मला बाहेर बोलावलं, पाण्याच्या टाकीपाशी. मग म्हणाले, "विनायक, तुजे कान चांगले हायेत म्हणून विचारतो. माजे गेलेत का रं?"

एका अक्षराचं उत्तर होतं. भाईंनी ते सोपं करून माझ्या हातात दिलं होतं... माणसाने आणखी किती वाकावं? आणि मी म्हणालो, "नाय भाई. शेड पत्र्याची हाय, आवाज घुमतो."

त्यांचा चेहरा उजळला. "मग त्याला इलाज हाय," म्हणाले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी भाताच्या गिरणीतून टेंपोभर जुनी गोणपाटं आणली आणि चैत्राच्या उन्हात तीन दिवस खपून शेडच्या भिंतींना, छताला बांधली. चौसष्ट वर्षांचा माणूस शिडीवर, सदरा पाठीला चिकटलेला, वरून धूळ आणि तूस गळतंय. खाली शिडी धरून मी. "दोरी दे रं," म्हणाले की मी दोरी देत होतो. तीन दिवस मी दोरी दिली, पण तोंड उघडलं नाही. वर सगळ्यांदेखत म्हणालो की भाई, आता फरक पडला.

नंतरचे स्पीकर आम्ही मोबाइलवर बघून मागवले. भाईंना विचारलं नाही. कोणी सुचवलंही नाही, कारण सुचवणारा मी असायचो. ते आले, नवे डबे पाहिले, कोणी निवडले म्हणाले. मी, म्हटलं. चांगले हायेत, म्हणाले, आणि त्यानंतर प्रॅक्टिसला फिरकले नाहीत.

चाळिसावा दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. ठरवूनच गेलो होतो. झुबेदाभाभींनी चहा पुढे ठेवला. मी पेल्याकडे बघत एका दमात सांगून टाकलं की भाभी, भाईंना कमी ऐकू येत होतं, मला चार वर्षं माहीत होतं, त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

त्या म्हणाल्या, "पनवेलला कानाचा डॉक्टर हाय, चला, म्हणून मी कितीदा मागं लागले. ते म्हणायचे, विनायकनं सांगितलंय माजे कान ठीक हायेत, त्याच्याहून तिखट कान कोणाचे? तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस." पदराने पेल्याखालचं ओलं पुसत त्या म्हणाल्या, "मला वाटलं, भाऊ, माजाच आवाज गेला."

म्हणजे माझ्या एका वाक्यावर भाई डॉक्टरकडे गेले नाहीत. आणि या घरात तीन वर्षं एक बाई स्वतःला दोष देत आवाज चढवत राहिली. मला वाटत होतं, ही गोष्ट माझ्यात आणि भाईंच्यात आहे. मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं, असं म्हटलं नाही. उठून जा, असंही म्हटलं नाही.

मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. आमच्यात दोन हातांचंही अंतर नव्हतं. "सावकाश जा, भाऊ, रस्त्याला गाड्या लय हायेत," त्या म्हणाल्या, इतक्या मोठ्याने की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. तीन वर्षांच्या सवयीने त्या आता तशाच बोलतात.