वहिनींचा पट

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात कुठंही पाळणा हलला, तर बाळाच्या आजीपेक्षा जास्त आनंद माझ्या थोरल्या वहिनींना व्हायचा, हे मी पैजेवर सांगतो. वहिनी राजगडाखाली, गुंजवण्याच्या वरच्या अंगाला, जिल्हा परिषदेच्या शाळेवर होत्या. मुख्याध्यापिका, शिक्षिका आणि पावसाळ्यात गळक्या कौलांखाली बादल्या मांडणारी बाई, सगळं त्याच. सरकारचा निधी येतो तो पटावर. मुलं थोडी तर पैसाही थोडा, आणि फारच थोडी उरली तर शाळाच बंद होऊन खालच्या मोठ्या शाळेत जायची. त्यामुळे वहिनींना माणसं दिसेनाशीच झाली होती, दिसायचा तो पट. लग्नात अक्षता टाकता टाकता त्या नवरीच्या कानाशी लागायच्या, "राहणार गावातच ना गं?" बारशाला झबल्याऐवजी पाटी न्यायच्या. एकदा आमच्या भोरच्या घरी गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला दोन मुलं आहेत असं कळलं. वहिनींनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि वेल्ह्याच्या हवेवर असं काही बोलल्या, की तो बिचारा रिकामी टाकी न घेताच पळाला.

एका पावसाळ्यात तालुक्याहून शाळा तपासायला साहेब आले. म्हणाले, "बाई, पट घसरलाय. निधी कमी होणार. आणि असंच राहिलं तर शाळा खाली हलवावी लागेल. नियम आहे."

वहिनी बादली सरकवत म्हणाल्या, "साहेब, पोरं कमी झाली म्हणून कौलं कमी गळतात का हो?"

साहेब हसले खरे, पण जाताना पुढच्या जूनला मोजायला येतो म्हणाले. खालच्या शाळेच्या वाटेत ओढा होता. भर पावसात तो ओलांडून पहिलीतली पोरं जाणार नव्हती, घरीच बसणार होती. एका ओळखीच्या गुरुजींनी खोटी नावं चढवायचा सल्ला दिला, तेव्हा वहिनींनी त्यांच्या हातातला अर्धा कप चहा काढून घेतला.

मग त्यांना गावातलंच एक जोडपं आठवलं. तीन मुली घेऊन ते कापूरहोळला ढाब्यावर कामाला गेलं होतं. वहिनींनी मला मोटरसायकल काढायला लावली आणि रविवारी आम्ही तिथं पोचलो. ती बाई भाकऱ्या थापत होती. वहिनींचं सगळं ऐकून घेतलं, आणि तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "बाई, शाळा वाचंल, पर तितं येऊन आमी खायाचं काय?"

परतीच्या वाटेवर वहिनी इतक्या गप्प, की नसरापूरपाशी मी मागे वळून बघितलं, वाटलं पडल्या की काय. पण पुढच्या रविवारी पुन्हा मोटरसायकल. राजगड उतरून आलेली पुण्याची पोरं भुकेनं गावभर जेवण शोधत फिरतात. तर हीच भाकरी स्वतःच्या ओट्यावर विका, असं त्यांनी सुचवलं. "गिऱ्हाईक मी आणते."

"आन् न्हाई चाललं तर?" नवऱ्यानं विचारलं.

"तर मीच टेम्पो करून तुम्हाला इथं आणून सोडीन. शाळा बंद झाली तरी तुम्हाला बोल लावणार नाही."

उन्हाळा सरता सरता त्यांचा टेम्पो गावात आला. ओट्यावर चूल पेटली. पहिले काही रविवार गडाच्या पायथ्याशी उभं राहून "पिठलं-भाकरी, गरम गरम!" असं ओरडणारी बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका वहिनी. जूनमध्ये साहेब न कळवता आले. रांगेतल्या थोरल्या मुलीला त्यांनी संशयानं विचारलं, "तू कुठली गं?"

"हितलीच," ती म्हणाली.

साहेब त्या दिवशी त्याच ओट्यावर जेवले. शाळा राहिली, निधी आला, कौलंही बदलली.

आणि नव्या कौलांवर एक पाऊस पडतोय न पडतोय, तोच वहिनींची बदली झाली. आता त्या भोरजवळच्या मोठ्या शाळेत आहेत. वर्ग भरलेले, शिक्षक पुरेसे. परवा मी गेलो तेव्हा म्हटलं, "वहिनी, सुटलात. इथं पटाची काळजी नाही."

"नाहीच मुळी," त्या म्हणाल्या. बाहेर मधली सुट्टी झाली होती, मैदानभर कल्ला होता. त्या उठून खिडकीशी गेल्या.

"पण भावजी, इथं एखादं पोर आलं नाही, तर दुपारपर्यंत कळतच नाही हो."