‘बघू’ म्हणजे नको

औषधाच्या कारखान्यात चहा करणाऱ्या काकू मागच्याच वस्तीत राहायच्या. बावीस वर्षांत त्यांनी सात साहेब पाहिले. त्यातले पाच बिनसाखरेचे.

सातवे साहेब परगावचे, कामाला वाघ. त्यांच्या काळात सरकारी नियम आला: कंपनीने शेजारच्या लोकांसाठी काहीतरी करावं, पण लोकांना विचारून, आणि तेही सरकारी माणसासमोर. साहेबांनी विचारायच्या आधीच चाळीस बाकडी मागवली. पाठीवर कंपनीचं नाव ठसठशीत.

वस्तीत सभा भरली. सरकारी निरीक्षक बाई वही उघडून बसल्या.

“बाकडी बसवू या?” साहेबांनी विचारलं.

“बघू की,” म्हातारे म्हणाले.

“बघू, बघू,” बायकांनी री ओढली.

साहेब खूश. “लिहा बाई, एकमताने मंजूर!”

चहा ओतणाऱ्या काकूंना हसू आवरेना.

“काय झालं, काकू?”

“साहेब, पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. ‘बघू’ म्हणजे नको.”

“मग हो कसं म्हणतात?”

“हो म्हणत नाहीत. भांडतात. दाखवू?” काकूंनी किटली ठेवली आणि आवाज चढवला, “अगं बायांनो, यंत्रं गार करून ते कोमट पाणी गटारात जातं ना? ते धुण्याला मिळालं तर?”

“नळ माझ्या दारात!” कुणीतरी ओरडलं.

“तुझ्या का म्हणून? उतार माझ्याकडे आहे!” ही काकूंची सख्खी जाऊ. मग सासूबाईही पदर खोचून उठल्या.

निरीक्षक बाईंनी ‘मंजूर’ खोडून नवं पान उघडलं. “ही खरी संमती. पण आधी पाणी तपासून घ्यायचं.”

तपासणीत दोन महिने गेले. पाणी चांगलं निघालं. धुण्याची जागा वस्तीच्या मधोमध झाली, म्हणजे सगळ्यांच्याच दारापासून सारखी लांब. जाऊ आठ दिवस काकूंशी बोलली नाही. साहेबांनी मागवलेली बाकडी तिथेच मांडली आणि त्यांच्यावर पिळलेले कपडे पडू लागले. कंपनीचं नाव कायम कुणाच्या तरी ओल्या चादरीखाली.

कंपनीच्या वरच्या ऑफिसला मात्र या कामाचा अहवाल फार आवडला. त्यांनी काकूंना वस्तीच्या कामांसाठी सल्लागार नेमलं. साहेब स्वतः फॉर्म भरायला बसले.

“काकू, शिक्षण काय लिहू?”

काकूंनी चहा गाळता गाळता विचार केला. “एकत्र कुटुंबात तीस वर्षं.”

साहेबांनी तसंच लिहिलं.