शेवटची चार हात पट्टी

मी एकदा एका सिनेमाचा शेवट कात्रीनं कापून चुलीत घातला. कात्री शिवणाच्या तासाची, चूल शाळेची आणि अक्कल, असलीच तर, माझी स्वतःची. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, दौंडच्या मुलींच्या शाळेत नवी नवी मास्तरीण. वेण्या सोडून अंबाडा घालायला लागून सहा महिने झाले होते आणि जगाला वळण लावायचं काम आपल्याकडेच आलंय, अशी माझी पक्की समजूत होती. अशी एखादी तुमच्याही पाहण्यात असेल. नसेल तर आरशात बघा.

ज्यांचा तो सिनेमा, त्यांना शिरूरपासून दौंडपर्यंत सगळे ऑपरेटरच म्हणत. उंच माणूस, पण मशीनच्या भिंगाला डोळा लावून लावून मानेत वाकलेला. सिनेमा संपत आला की लोक आधीच उठतात, चपला चाचपतात, पोरं काखेत मारतात. ऑपरेटर तेव्हा एक हात वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा, अजून हाय." आवाज चढवायचे नाहीत. लोक मुकाट्यानं परत बसायचे.

पुढं पुढं ते वाक्य त्यांच्या जिभेवरच बसलं. एसटीच्या कंडक्टरनं घंटी मारली की दारात उभं राहून म्हणायचे, "थांबा, अजून हाय." मागून त्यांची बायको येत असायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. तिला घाई कर म्हणून सांगायचं तरी कसं? मग ते बसलाच थांबवायचे.

आधी ते जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूत मशीन चालवायचे. तंबूचा मालक गेला, मुलांनी तंबू मोडला, चांगले बोलपट ज्यानं त्यानं उचलले. ऑपरेटरांच्या हाती एक जुनं मशीन आणि एक मुका, परदेशी सिनेमा लागला. लोक हळहळले. ऑपरेटर म्हणाले, "मला त्योच पायजे हुता. घरच्यांना संगं बसून बघता येतंय. त्यात समदीच त्यांच्यावानी हायत."

गोष्ट एवढीशी. एक बुटका, लाजरा टोपी विकणारा. एक पाव विकणारी, नाकाचा शेंडा कायम वर. तिच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून हा रोज भलामोठा पाव घेतो आणि बोलायची छाती होत नाही म्हणून तसाच परत फिरतो. एवढ्या पावाचं करायचं काय? तळ्यावर जाऊन बदकांना घालतो. तिला वाटतं, रोज एवढा पाव नेतो म्हणजे घरात बायको आणि आठ पोरं असणार. ती चिडून त्याला शिळा पाव देते. बदकं तोही खातात आणि फुगतात. शेवटी एक दिवस ती त्याच्या मागोमाग जाते. झाडाआडून बघते. आठ बदकं. मग हळूच येऊन त्याच्या शेजारी बाकावर बसते.

त्याच्या पुढचं मला माहीत नव्हतं. मी बारा वर्षांची असताना राहू गावच्या जत्रेत हा सिनेमा पाहिला, तेव्हा ती बाकावर बसली आणि नेमका आत्यानं माझ्या डोळ्यांवर पदर टाकला. पदर निघाला तेव्हा पडदा रिकामा होता. त्या पदराआड काय झालं असेल, ते मी पुढची दहा वर्षं मनातल्या मनात बघत आले, आणि दर वर्षी ते जास्तच वाह्यात होत गेलं.

तर, शाळेच्या स्नेहसंमेलनात दुपारी हा सिनेमा दाखवायचं ठरलं. संस्थेचे अध्यक्ष येणार, गावातल्या आया येणार. मोठ्या बाईंनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, "काही भलतंसलतं निघालं तर जबाबदारी तुमची."

सकाळी ऑपरेटर पेटारा घेऊन शिरूरहून आले. मशीन मांडून झाल्यावर माझ्याकडे आले. "बाई, येक खुर्ची पुढं ठिवा. अगदी पडद्याला लागून. मंडळी येनार हायत."

"एवढ्या पुढं? डोळे दुखतील त्यांचे."

"दुखू द्या. साखरंनं डोळं चाललेत. पुन्याचा डाक्टर म्हनला, दिवाळी काय दिसायची न्हाई. ह्यो सिनेमा येकदा बघू दे म्हनती हातवाऱ्यांनी, मंग जाऊ देत डोळं." एवढं बोलून, मेहुणीच्या घरी उतरलेल्या बायकोला आणायला ते निघाले. जाताना म्हणाले, "रीळ उलटं गुंडाळायचं ऱ्हायलंय. आल्यावर गुंडाळतो. हात लावू नगा कुनी."

मी खुर्ची ठेवली. तिच्यावर उशी ठेवली. शेजारी गुलाबाची कुंडीसुद्धा ठेवली, इतकी मी गुणाची. आणि मग रिळाकडे वळले. मागच्या खेळानंतर गुंडाळलंच नसल्यामुळे शेवट अगदी वरच होता. पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. नखाएवढी चित्रं, दोन डोकी जवळजवळ आलेली. पुढचं बघायचा मला धीरच झाला नाही. डोळे मिटले आणि कात्री चालवली. नेमकं कुठून कापावं कळेना, म्हणून ती झाडाआड उभी आहे तिथपासून पुढची चार हात पट्टी काढली. चुलीत ती धड जळलीही नाही. आकसली, काळी पडली आणि केस जळाल्यासारखा वास सुटला.

दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावल्या. ऑपरेटरांचं लक्ष बायकोला हाताला धरून बसवण्यात. रीळ त्यांनी भराभर गुंडाळलं. सिनेमा सुरू झाला आणि मुली हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. अध्यक्षांचं पोट हलायला लागलं. ऑपरेटरांची बायको सगळ्यांच्या आधी हसायची, पुढचं तिला पाठ होतं ना. पडद्यापासून दोन हातांवर मान पुढं काढून बसली होती, पातेल्यात दूध उतू जातंय का बघावं तशी.

ती पाववाली झाडाआड उभी राहिली. मागच्या आया उठायला लागल्या. ऑपरेटरांनी हात वर केला, "थांबा, अजून हाय."

आणि पडदा पांढरा झाला.

मुली ओरडल्या, आया हसल्या. पुढच्या खुर्चीवरची बाई मात्र त्या पांढऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं डोळे चोळले. पुन्हा चोळले. दोन्ही हात पुढं करून हवेत चाचपायला लागली, कुंडी उलथली आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो मी इथं लिहू शकत नाही. तिला वाटलं, डोळे गेले. आत्ता, या क्षणाला.

ऑपरेटर धावले. तिचं तोंड पडद्याकडून वळवून त्यांनी आपला पंजा तिच्या नाकासमोर धरला, एक बोट, दोन बोटं. तिला दिसलं. तिनं तो पंजा धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. त्यामुळे त्यांना मशीनही एका हातानंच आवरावं लागलं. पट्टीचं टोक त्यांनी अंगठ्यानं चाचपलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या बाईंना म्हणाले, "मशीननं खाल्ली. जुनी पट्टी. कवातरी तुटनारच."

मी सुटले. मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी जेवलेही नीट.

दिवाळीच्या आत त्या बाईचे डोळे गेले. पुढं ती नऊ वर्षं जगली म्हणे, कानही नाहीत आणि डोळेही नाहीत. ऑपरेटरांनी तो सिनेमा पुन्हा कुठं दाखवला नाही. दौंडहून शिरूरला एसटीनं दोन-अडीच तास लागतात. मला चाळीस वर्षांहून जास्त लागली.

शेवटी गेले तेही नातीमुळे. ती रांजणगावच्या कंपनीत कामाला आहे, शिफ्ट करून येते तेव्हा मेलेल्या मांजरासारखी पडते. एकदा तिला ही पावाची आणि बदकांची गोष्ट सांगितली. कात्री वगळून, अर्थात. तिनं मोबाईलवर शोधाशोध करून सिनेमा काढला की हो. आणि ती पोरगी, जिला चार विनोदी मालिका हसवू शकत नाहीत, ती उशी तोंडात धरून हसली. "आज्जी, कुणी काही बोलत नाही तरी सगळं कळतंय गं," म्हणाली. कोणी बोलून बिघडवत नाही, म्हणूनच कळतं, असं मला वाटतं.

मग तो शेवट आला. बाकावर बसून ती त्याच्या हातातला पाव घेते. मोडते. अर्धा स्वतः खाते, अर्धा त्याला देते. दोघं खाली बघून चावत राहतात. बदकं चिडतात. संपलं. वाह्यात काही नव्हतंच. होतं ते माझ्या डोक्यात.

ऑपरेटर गेल्या थंडीत गेले. त्याआधी दोन महिने मी नातीचा मोबाईल घेऊन शिरूरला गेले. अंगणात बाजेवर बसले होते, वाळलेले. सुनेनं कानाशी जाऊन सांगितलं, "अब्बा, दौंडच्या बाई आल्यात." त्यांनी लगेच ओळखलं. मी चहा यायच्या आतच सांगून टाकलं, नाहीतर चहाबरोबर गिळलं असतं.

"ती पट्टी मी कापली होती."

"ठावं हाय. मशीननं तोडली की कडंला दातं ऱ्हात्यात. ही सरळ हुती."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"मोठ्या बाई हुब्या हुत्या. तुमची नवी नोकरी."

"आणि मंडळींना काय सांगितलंत?"

"त्येच. मशीननं खाल्ली. मंग काय, हाताला मशीन लागलं की ती त्याला काठीनं ढोसायची. शेवटी भंगारात घातलं."

मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर आपोआप फिरायला लागली, रीळ फिरावं तशी. टोपीवाला पडला तिथं हसले, बदकं फुगली तिथं हसले, आणि तेही पडद्यावर घडायच्या जरा आधीच. पाववाली तळ्यावर आली, झाडाआड उभी राहिली. ऑपरेटरांनी मोबाईल बाजेवर पालथा घातला.

चाळीस वर्षं त्यांचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "थांबा, अजून हाय."

ते म्हणाले, "हाय, ठावं हाय मला. ऱ्हाऊ द्या, बाई. शेवटच्या बारीला तिनं जितवर बगितला, तितवरच माझा सिनेमा."